तुरीची पट्टी, एक जुनं गणकयंत्र आणि घरातला कॉम्प्युटर

गेल्या दिवाळीत गावी गेलो होतो. आईने माळा आवरायला लावला (आयटीत असलो म्हणून यातून सुटका नाही!) आणि एका पत्र्याच्या पेटीत एक जुनं कॅल्क्युलेटर सापडलं. टेबलावर ठेवायचं, बारा आकडी, मोठ्या बटणांचं. वर 'सिटीझन' असं छापलेलं. खरं सिटीझन की एका अक्षराच्या फरकाने निघालेला त्याचा चुलतभाऊ, ते आता सांगता येत नाही. आतला सेल कधीच गळून गेला होता. पण वरची सोलर पट्टी उन्हात धरली आणि स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात एक शून्य उमटलं. दहा-बारा वर्षं पेटीत पडून होतं, आणि ऊन लागताच कामाला हजर! माझा ऑफिसचा लॅपटॉप सोमवारी सकाळी एवढ्या तत्परतेने सुरू होत नाही.

ते आमच्या घरात कसं आलं, ते मला नीट आठवतंय. २००६ च्या आसपासची गोष्ट. मी आठ-नऊ वर्षांचा होतो. आबा आणि बाबा तूर घेऊन मोंढ्यात निघाले होते, मी हट्टाने सोबत गेलो. जिल्हा तेव्हा उस्मानाबाद होता, धाराशिव हे नाव अधिकृतपणे २०२३ मध्ये आलं. एका आडतीवर माप झालं. ८ क्विंटल ४० किलो. भाव १८५० रुपये. आडत्याने कॅल्क्युलेटरवर टकाटक बोटं चालवली, स्क्रीन आमच्याकडे फिरवली आणि म्हणाला, "बघा, चौदा हजार आठशे चौऱ्याहत्तर. यातनं हमाली, तोलाई, आडत वजा करू."

बाबांनी मान डोलावली. आबा मात्र हलेनात.

"शेठ, आठ क्विंटलचेच चौदा हजार आठशे झाले की. मग वरची चाळीस किलो तूर काय चौऱ्याहत्तर रुपयाला घेता का?"

"आबा, मशीनवर केलंय. मशीन चुकतंय व्हय?"

"मशीन नसंल चुकत. पुन्हा एकदा करा की."

त्याने पुन्हा केलं. १५,५४० आले. पहिल्यांदा ८.४० च्या जागी ८.०४ दाबलं गेलं होतं. मुद्दाम की चुकून, देव जाणे. फरक ६६६ रुपयांचा. त्या वर्षी आमच्या घरात ६६६ रुपये ही चेष्टेची रक्कम नव्हती. परत येताना बाबांनी स्टँडजवळच्या दुकानातून हे कॅल्क्युलेटर घेतलं. वाटेत आबा फक्त एवढंच म्हणाले, "आता तुझं तू बघत जा."

आबांचं हे वाक्य आणि 'मशीन चुकतंय व्हय?' हा प्रश्न, दोन्ही माझ्या डोक्यात राहिले. पुढे इंजिनिअरिंग केलं, नोकरी लागली, आणि कॉम्प्युटरचा इतिहास वाचायची सवय लागली. तेव्हा कळलं की 'आता तुझं तू बघत जा' हाच पर्सनल कॉम्प्युटरच्या इतिहासाचा सारांश आहे. आणि त्या इतिहासाची सुरुवात मोठ्या कॉम्प्युटरपासून नाही, कॅल्क्युलेटरपासून होते.

आधी आबांचं बघू. त्यांनी डोक्यात हिशोब केला कसा? आबांचं शिक्षण चौथीपर्यंतचं. पण ते ज्या काळात शिकले त्या काळात शाळेत पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी आणि औटकी घोकून घेत. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच आणि साडेतीनचे पाढे! आज हे ऐकलं की कुणाला तरी छळायलाच काढले असतील असं वाटतं. पण रुपयाचे सोळा आणे, मणाचे चाळीस शेर, शेराच्या सोळा छटाका, अशा जगात सगळा व्यवहार पाव-अर्ध्या-पाऊणमध्येच व्हायचा. सव्वा रुपया शेर भावाने साडेतीन शेर तूप घेतलं, तर ज्याला औटकी येते तो क्षणात सांगणार, चार रुपये सहा आणे. हे पाढे म्हणजे त्या काळचं खिशातलं गणकयंत्रच. फक्त खिशाऐवजी डोक्यात ठेवलेलं.

आमच्या भागात त्यात आणखी एक भानगड होती. मराठवाडा निजामाच्या राज्यात, आणि निजामाचा रुपया वेगळा. त्याला 'हाली' म्हणत, इंग्रजी रुपयाला 'कलदार'. सप्टेंबर १९४८ च्या पोलिस ॲक्शननंतर सात हाली रुपयांना सहा कलदार असा दर ठरला आणि पुढची काही वर्षं दोन्ही चालू होते. म्हणजे बार्शीच्या बाजारात माल विकला तर भाव कलदारात, आणि गावातली देणी हालीत. साताचे सहा करा, मग त्यातले आणे काढा. मग १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले, रुपयाचे शंभर झाले. १९५८ पासून टप्प्याटप्प्याने किलो आणि मीटर आले. हाली रुपया १९५९ मध्ये कायमचा बाद झाला. पावकी-निमकीची खरी गरज संपली ती तेव्हा. कॅल्क्युलेटरने नंतर फक्त शेवटचे सोपस्कार उरकले.

शिकलेल्या लोकांची साधनं वेगळी होती. शाळा-कॉलेजात लॉग टेबल आणि इंजिनिअरकडे स्लाइड रूल. लॉग टेबल तर तुम्हीही वापरलं असेल, बारावीच्या फिजिक्स-केमिस्ट्रीच्या पेपरला बोर्ड लॉग टेबल चालवतं, कॅल्क्युलेटर नाही. या दोन्ही साधनांची एक गंमत आहे. ती दशांश चिन्ह कुठे येतं ते सांगत नाहीत. स्लाइड रूलवर ८४, ८.४ आणि ८४० हे एकच. लॉग टेबलातही मँटिसा शोधून मिळतो, कॅरॅक्टरिस्टिक आपला आपण ठरवायचा. म्हणजे उत्तर साधारण किती यायला हवं याचा अंदाज आधी डोक्यात असल्याशिवाय ही साधनं चालतच नाहीत. आबांनी मोंढ्यात नेमकं तेच केलं होतं. आधी आठ क्विंटलचा अंदाज, मग उरलेल्या चाळीस किलोंचा.

आता मशीनकडे येऊ. पूर्णपणे इलेक्ट्रॉनिक असं पहिलं टेबलावरचं कॅल्क्युलेटर १९६१ मध्ये ब्रिटनमध्ये आलं, त्याचं नाव 'अनिता'. आत ट्रान्झिस्टर नाहीत, चक्क ट्यूब. १९६४ मध्ये जपानच्या शार्पने ट्रान्झिस्टरवालं सीएस-१०ए काढलं. वजन २५ किलो, किंमत ५ लाख ३५ हजार येन. खिशात सोडा, उचलून दुसऱ्या टेबलावर ठेवायला दोन माणसं बोलवावीत असं धूड.

ते हातात मावावं हा विचार टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा. त्यांच्या जॅक किल्बीने १९५८ मध्ये इंटिग्रेटेड सर्किट बनवलं होतं (याच कामासाठी त्याला २००० मध्ये नोबेल मिळालं). पण चिप बनवली तरी ती विकायची कुणाला? लष्कर आणि अंतराळ सोडून गिऱ्हाईक नाही. मग कंपनीच्या प्रमुखाने सांगितलं की सामान्य माणूस विकत घेईल असं काहीतरी बनवा. किल्बी, जेरी मेरीमन आणि जेम्स व्हॅन टॅसल या तिघांनी १९६७ मध्ये 'कॅल-टेक' नावाचा नमुना तयार केला. सव्वा किलोच्या आसपास वजन, बेरीज-वजाबाकी-गुणाकार-भागाकार, आणि उत्तर कागदाच्या पट्टीवर छापून. त्यावरूनच पुढे १९७० मध्ये कॅननचं 'पॉकेट्रॉनिक' बाजारात आलं.

म्हणजे क्रम लक्षात घ्या. आधी कॅल्क्युलेटरची गरज होती आणि मग चिप आली, असं नाही. चिप होती, तिला गिऱ्हाईक हवं होतं, म्हणून हातातलं कॅल्क्युलेटर जन्माला आलं.

पुढची पायरी तर आपल्या सगळ्यांच्या पोटापाण्याची आहे. १९६९ मध्ये बुसिकॉम नावाची एक जपानी कॅल्क्युलेटर कंपनी इंटेलकडे आली. इंटेल तेव्हा एक वर्षाचं पोर, मेमरी चिप बनवणारं. बुसिकॉमला त्यांच्या नव्या कॅल्क्युलेटरसाठी डझनभर वेगवेगळ्या खास चिप हव्या होत्या. इंटेलच्या टेड हॉफला ते फार गुंतागुंतीचं वाटलं. तो म्हणाला, प्रत्येक कामासाठी वेगळी चिप कशाला? एकच साधी, सगळी कामं करू शकेल अशी चिप बनवू, आणि ती 'कॅल्क्युलेटर' कशी होईल ते मेमरीतला प्रोग्रॅम ठरवेल. हॉफ, स्टॅन मेझर, बुसिकॉमचा मासातोशी शिमा आणि प्रत्यक्ष चिप घडवणारा फेडरिको फॅगिन यांनी मिळून ते केलं. चिपचं नाव ४००४. आत २३०० ट्रान्झिस्टर. १९७१ मध्ये ती बुसिकॉमच्या १४१-पीएफ या टेबलावरच्या, कागदावर छापणाऱ्या कॅल्क्युलेटरमध्ये बसली.

चिपचे हक्क करारानुसार बुसिकॉमचे होते! पण तोपर्यंत कॅल्क्युलेटरच्या किमती घसरायला लागल्या होत्या आणि बुसिकॉमला चिप स्वस्तात हवी होती. इंटेलने ६०,००० डॉलर परत देऊन ती इतर कामांसाठी विकायचा हक्क सोडवून घेतला आणि १५ नोव्हेंबर १९७१ ला जगासाठी जाहीर केली. जगातला बाजारात विकला गेलेला पहिला मायक्रोप्रोसेसर. तुमच्या लॅपटॉपमधला इंटेल प्रोसेसर त्याच घराण्याचा. मूळ पुरुष कॅल्क्युलेटरमध्ये नोकरीला होता, एवढंच.

तिकडे ह्युलेट-पॅकार्ड, म्हणजे एचपी, वेगळ्या वाटेने चालली होती. १९६८ मध्ये त्यांनी ९१००ए नावाचं यंत्र काढलं. प्रोग्रॅम चालायचे, साइन-कॉस निघायचे, छोट्या पडद्यावर उत्तरं दिसायची. तो कॉम्प्युटरच होता. त्याच्या एका जाहिरातीत 'पर्सनल कॉम्प्युटर' हे शब्दही होते. पण एचपीने त्याला नाव दिलं कॅल्क्युलेटर. बिल ह्युलेटने नंतर याचं कारण सांगितलं. त्याला कॉम्प्युटर म्हटलं असतं तर गिऱ्हाईकांच्या कंपन्यांतल्या कॉम्प्युटरच्या जाणकारांनी ते नाकारलं असतं, कारण ते आयबीएमसारखं दिसत नव्हतं!

मला हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. कॉम्प्युटर म्हणजे वातानुकूलित खोली, तिथले खास लोक, तुमचं काम रांगेत, उत्तर उद्या. कॅल्क्युलेटर म्हणजे माझ्या टेबलावर, माझ्या हातात, आत्ता. आतलं यंत्र जवळपास एकच असलं तरी कुणाला विचारून वापरायचं याचं उत्तर वेगळं होतं.

मग ह्युलेटने आपल्या इंजिनिअरना सांगितलं की हेच माझ्या शर्टाच्या खिशात बसेल एवढं करा. बाजाराचा अभ्यास करणारे म्हणाले, एवढं महाग यंत्र कुणी घेणार नाही. १९७२ मध्ये एचपी-३५ आलं. ३५ बटणं म्हणून ३५. किंमत ३९५ डॉलर. पहिल्याच वर्षी एक लाखाच्या आसपास खपलं, आणि पाचेक वर्षांत स्लाइड रूल बनवणाऱ्यांची दुकानं बंद झाली.

आणि हो, 'मशीन चुकतंय व्हय?' चं उत्तर एचपी-३५ मध्येच आहे. सुरुवातीच्या यंत्रांत २.०२ चा नॅचरल लॉग काढून लगेच त्याचा उलटा फंक्शन दाबला, तर २.०२ परत यायला हवेत, पण २ यायचे. हे लक्षात आलं तोवर हजारो यंत्रं विकली गेली होती. कंपनीने गिऱ्हाईकांना कळवलं आणि यंत्र बदलून द्यायची तयारी दाखवली. म्हणजे मशीन चुकतं. पण ते ओळखायला २.०२ चे २ झालेले बघून ज्याच्या कपाळाला आठी पडेल असा माणूस लागतो. आमच्या मोंढ्यातला आडत्या आणि एचपीचे इंजिनिअर यांच्यात पन्नास गोष्टींचा फरक असेल, पण पुन्हा एकदा तपासा म्हणणारा समोर असेल तरच दुरुस्ती होते, हे दोन्हीकडे सारखंच.

१९७४ मध्ये एचपी-६५ आलं. हे खिशातलं आणि वर प्रोग्रॅम करता येणारं. शंभर पायऱ्यांचा प्रोग्रॅम लिहायचा आणि च्युइंगगमच्या पट्टीएवढ्या मॅग्नेटिक कार्डावर साठवायचा. किंमत ७९५ डॉलर. १९७५ च्या अपोलो-सोयुझ मोहिमेत अमेरिकन अंतराळवीरांनी ते सोबत नेलं होतं.

इथून पुढे गोष्ट पळते. १९७२ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स स्वतःच कॅल्क्युलेटर विकायला उतरली. जी कंपनी चिप बनवते तीच दुकान टाकून बसली, तर तिच्याकडून चिप विकत घेणाऱ्यांचं काय होणार? भाव कोसळले. शेकड्यांत विकली जाणारी यंत्रं काही वर्षांत पंचवीस डॉलरच्या आत आली. छोट्या कंपन्यांचं दिवाळं निघालं.

त्यातली एक होती न्यू मेक्सिकोतली मिट्स. मालक एड रॉबर्ट्स. १९७१ पासून कॅल्क्युलेटरचे किट विकून बरं चाललं होतं, १९७४ पर्यंत कंपनी कर्जात बुडाली. आता बुडायचंच आहे तर काहीतरी करून बुडू, म्हणून त्याने इंटेलच्या ८०८० चिपवर एक कॉम्प्युटरचा किट काढला. नाव अल्टेअर ८८००. जानेवारी १९७५ च्या 'पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स' मासिकाच्या मुखपृष्ठावर तो झळकला आणि शेकड्यांची अपेक्षा असताना हजारो ऑर्डरी आल्या. ते मासिक बघून बिल गेट्स आणि पॉल ॲलन यांनी अल्टेअरसाठी बेसिक लिहिलं, आणि त्यातून मायक्रोसॉफ्ट उभी राहिली. कॅल्क्युलेटरचा धंदा बुडाला नसता तर रॉबर्ट्स तिकडे वळला असता का? मला नाही वाटत.

दुसरी कंपनी कमोडोर. जॅक ट्रॅमिएल टेक्सासकडून चिप घेऊन कॅल्क्युलेटर विकायचा, तोही या भावयुद्धात पोळला. पुन्हा कुणाच्या चिपवर अवलंबून राहायचं नाही म्हणून त्याने १९७६ मध्ये एमओएस टेक्नॉलॉजी ही चिप कंपनीच विकत घेतली. तिच्याकडे ६५०२ नावाचा स्वस्त प्रोसेसर आणि चक पेडल नावाचा इंजिनिअर होता. पेडलने ट्रॅमिएलला पटवलं की कॅल्क्युलेटर संपलं, आता कॉम्प्युटर. १९७७ मध्ये कमोडोर पेट आला.

तोच ६५०२ ॲपलच्या पहिल्या दोन्ही कॉम्प्युटरमध्ये होता. आणि ते बनवणारा स्टीव्ह वॉझ्नियाक तेव्हा दिवसा काय करत होता? एचपीत कॅल्क्युलेटर डिझाइन करत होता! १९७६ मध्ये ॲपलला भांडवल हवं होतं तेव्हा जॉब्सने आपली व्हॅन विकली आणि वॉझ्नियाकने आपलं एचपी-६५.

शेवटचा धागा सॉफ्टवेअरचा. ॲपल-२ घराघरात खेळायला आला, पण ऑफिसांत शिरला तो १९७९ च्या एका प्रोग्रॅममुळे. डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँक्स्टन यांचं व्हिझिकॅल्क. नावाचा अर्थच 'दिसणारं कॅल्क्युलेटर'. एक आकडा बदलला की पुढचे सगळे आपोआप बदलणार. आज आपण एक्सेल उघडतो ते त्याचंच नातवंड.

म्हणजे प्रोसेसर कॅल्क्युलेटरचा, पहिला गाजलेला किट बुडालेल्या कॅल्क्युलेटरवाल्याचा, पेट पोळलेल्या कॅल्क्युलेटरवाल्याचा, ॲपल कॅल्क्युलेटरच्या इंजिनिअरचा, आणि ऑफिसांत कॉम्प्युटर नेणारं सॉफ्टवेअरही कागदावर पसरलेलं कॅल्क्युलेटर. मराठीत तर हे नातं शब्दातच आहे. आधी गणकयंत्र, मग संगणक.

भारतातली गोष्टही वेगळी नाही. डीसीएम, म्हणजे दिल्ली क्लॉथ मिल्स, ही कापड गिरणीवाली कंपनी सत्तरच्या दशकात कॅल्क्युलेटर बनवत होती. तिथल्या काही तरुण इंजिनिअरनी १९७६ मध्ये नोकरी सोडली. त्यात शिव नाडर, अर्जुन मल्होत्रा, अजय चौधरी वगैरे. कॉम्प्युटर बनवायचे होते, पण पैसा नव्हता. म्हणून आधी मायक्रोकॉम्प नावाची कंपनी काढून कॅल्क्युलेटर विकले आणि त्यातून त्याच वर्षी हिंदुस्तान कॉम्प्युटर्स, म्हणजे आजची एचसीएल, उभी केली. १९७८ मध्ये त्यांचा स्वतःचा मायक्रोकॉम्प्युटर आला. आपल्यापैकी कितीतरी जणांचा पगार ज्या उद्योगातून येतो, त्याच्या एका मोठ्या घराचा पाया कॅल्क्युलेटरच्या गल्ल्यातून भरला गेलाय.

पण एका बाबतीत आपली वाट वेगळी झाली. कॅल्क्युलेटरचं कॉम्प्युटर होतं ते त्यात प्रोग्रॅम लिहिता येतो म्हणून. नेमकं तेच आपल्या परीक्षांना चालत नाही. इंजिनिअरिंगच्या पेपरवर सूचना असते, फक्त नॉन-प्रोग्रॅमेबल कॅल्क्युलेटर वापरावं. मग आम्ही सगळे कॅसिओचं एफएक्स-८२ नाहीतर ९९१ घ्यायचो. सिनिअरकडून निम्म्या किमतीत. अमेरिकेत शाळकरी पोरं टेक्सासच्या ग्राफिंग कॅल्क्युलेटरवर वर्गात मागच्या बाकावर बसून गेम लिहायची आणि त्यातून प्रोग्रॅमिंग शिकायची. आम्हाला पहिला प्रोग्रॅम लिहायला कॉलेजच्या लॅबमध्ये, ठरलेल्या वारी, एका मशीनवर दोघांनी बसावं लागलं. कॉपी होऊ नये हा हेतू बरोबर असेलही. पण खिशातलं यंत्र आणि त्यावर हुकूम चालवायची मुभा या दोन गोष्टी आमच्या पिढीला एकत्र मिळाल्या नाहीत.

आणि आमच्या गावाकडे तर कॉम्प्युटर असून नसल्यासारखा होता. २००० नंतर एमएस-सीआयटीचे क्लास तालुक्या-तालुक्यात निघाले, शाळांतही कॉम्प्युटर आले. पण त्याच वर्षांत दिवसाला बारा-बारा तास लोडशेडिंग. आमच्या शाळेतला कॉम्प्युटर बहुतेक वेळ प्लास्टिकच्या कव्हराखाली असायचा, आणि सरांची परवानगी, वीज आणि किल्ली या तिन्ही गोष्टी एका दिवशी जुळून यायला पंचांग बघावं लागायचं. तोवर कॅल्क्युलेटर मात्र सगळीकडे पोचलं होतं. किराणा दुकानात ओरपॅट, आडतीवर सिटीझन, मास्तरांच्या पिशवीत, सोसायटीच्या सचिवाच्या खिशात. त्याला वीज लागत नव्हती, क्लास लागत नव्हता, इंग्रजीही लागत नव्हतं. पर्सनल कॉम्प्युटिंग हा शब्द जर शब्दशः घेतला, तर आमच्या जिल्ह्यात ते कॅल्क्युलेटरच्याच रूपाने आलं. त्यानंतर थेट मोबाइल. मधला टेबलावरचा कॉम्प्युटर बहुतेक घरांत कधी आलाच नाही.

बाबा ते कॅल्क्युलेटर घेऊन पुढे आठ-दहा वर्षं मोंढ्यात जात होते. नंतर ते बिघडलं असं समजून दुसरं घेतलं. (बिघडलं नव्हतं, फक्त सेल संपला होता. मी तेव्हा होस्टेलवर होतो, नाहीतर सांगितलं असतं.) क्विंटल-किलोच काय, गुंठ्यांचा हिशोबही ते त्यावरच करायचे. ३३ फूट गुणिले ३३ फूट म्हणजे १०८९ चौरस फूट, झाला एक गुंठा. असे चाळीस म्हणजे एकर. सातबारावर मात्र हेक्टर-आर. त्यांना ही रूपांतरं आता तोंडपाठ झालीत. पण एक फरक मला दिसतो. आबा आधी अंदाज सांगायचे आणि मग मशीन बघायचे. बाबा आधी मशीन बघतात. मी तर मशीनही बघत नाही, जे उत्तर स्क्रीनवर येतं ते पुढच्या सेलमध्ये चिकटवून मोकळा होतो.

हे फक्त हळहळ म्हणून लिहीत नाहीये. मागच्या वर्षी ऑफिसात माझ्याच एका रिपोर्टमध्ये एक रक्कम दहापट आली होती. फॉर्म्युला बरोबर होता, भरलेला आकडा चुकीच्या एककात होता. तीन जणांनी तो रिपोर्ट बघितला, मीही दोनदा बघितला, कुणाच्या डोळ्यांना खुपलं नाही. आकडा दोन दशांशांपर्यंत नीट छापलेला होता ना! शेवटी एका निवृत्तीला टेकलेल्या अकाउंटंट बाईंनी कागद हातात घेतला आणि म्हणाल्या, "अरे, एवढा खर्च झाला असता तर आपण सगळे रस्त्यावर आलो असतो." मला आबांची चाळीस किलो तूर आठवली.

मशीन हातात आलं म्हणून हिशोब आपल्या हातात आला असं होत नाही, हे मला त्या दिवशी पटलं. एचपीच्या खिशातल्या यंत्राने इंजिनिअरला कॉम्प्युटरच्या खोलीबाहेरची रांग चुकवून दिली, बाबांच्या सिटीझनने आडत्याच्या स्क्रीनवर विसंबणं चुकवून दिलं. हे छोटं काम नाही. पण ८.०४ आणि ८.४० मधला फरक दोन्ही यंत्रांना कळत नाही. तो आपल्यालाच कळावा लागतो. म्हणून आता मी कुठलाही मोठा हिशोब करण्याआधी कागदाच्या कोपऱ्यात पेन्सिलने एक ढोबळ आकडा लिहून ठेवतो. सहकारी हसतात. हसू देत.

दिवाळीला ते जुनं कॅल्क्युलेटर नवा सेल टाकून बाबांना दिलं. म्हणलं, "खरं तर आता फोनमध्येच आहे की. कशाला हे बाळगता?" बाबा म्हणाले, "फोन खिशात राहतो, आपल्या एकट्यालाच दिसतो. हे मधी ठेवलं की त्याला बी दिसतंय, मला बी दिसतंय."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. सोयाबीन अजून घरातच होतं, भाव पडलेला होता. भाव जरा सुधारला की बाबा मोंढ्यात जाणार होते. पिशवीत पट्ट्यांची वही आणि कॅल्क्युलेटर आधीच ठेवलेलं होतं.